भोकं पाडलेल्या लग्नपत्रिका

आमच्या धाकट्या भावजींइतका घोड्यांचा नाद असलेला आणि घोड्यावर उभ्या जन्मात एक पैसाही न लावलेला माणूस साऱ्या सातारा-सांगलीत दुसरा झाला नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते पलटणीत खेचरं सांभाळत होते. पेन्शनीआधीची दोन वर्षं त्यांना पुण्याच्या लष्करी हापिसात बसवलं. तिथं काँप्युटर होता. खोलीएवढं यंत्र, भोकं पाडलेली कार्डं त्याच्या तोंडात घालायची की ते उत्तर देतं, असं ते सांगत. रेसचा नादही त्यांना पुण्यातच लागला. यंत्र काही एसटीच्या टपावर टाकून आणता येत नव्हतं, म्हणून घरी आल्यावर त्यांनी ते आमच्या सोप्यात स्वतःच तयार केलं.

कार्डं म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. गावात कुणाचं लग्न झालं की चौथ्या दिवशी भावजी त्यांच्या दारात. "पत्रिका उरल्यात काय?" नवरानवरीची चौकशी नाही, नुसत्या पत्रिका. एक पत्रिका म्हणजे एका घोड्याची एक शर्यत. तिच्या कडेनं दाभणानं भोकं पाडायची. एक भोक चिखलाचं, एक वजनाचं, एक भाव चढल्याचं, एक भाव उतरल्याचं. जे खरं असेल त्या भोकापासून कडेपर्यंत कात्रीनं चीर द्यायची. मग सगळी चळत हातात धरून त्या भोकातून सायकलच्या चाकाची तार घालायची आणि उचलायची. चीर दिलेल्या पत्रिका तेवढ्या खाली गळत. "बगा वैनी, भाव उतरलेलं समदं घोडं खाली आलं!" माझ्या नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर पत्रिकांचा खच, आणि वर मी बघायचं. गणपतीच्या चित्राला मात्र त्यांनी कधी दाभण लावलं नाही. तेवढा कोपरा सोडत.

भाव म्हणजे काय, हे मला चौथी पास बाईलासुद्धा त्यांनी शिकवून सोडलं. दहाला एक म्हणजे एकाचे दहा मिळतील, कारण तो घोडा जिंकेल असं कुणाला वाटत नाही. पण तोच भाव दहावरून सातावर, सातावरून तिनावर आला, की भावजी ताठ बसत. "तबेल्यातल्या मानसाला कायतरी ठाव हाय," म्हणत. शेजारच्या अण्णांनी एकदा त्यांच्या सांगण्यावरून पुण्याला जाऊन पैसे लावले आणि बुडवले. येऊन दारातूनच ओरडले, "कार्डं कसली करताय रं, पत्रावळ्या तरी लावा!" भावजी पत्रिका जुळवत म्हणाले, "घोडं चुकलं, अण्णा. कार्ड न्हाई चुकलं." रेसचा पेपर आमच्या गावात येत नसे. त्यासाठी ते दर शनिवारी विट्याला जात आणि कधीकधी अंधार पडल्यावर परतत. एका पेपराला एवढा वेळ कसा लागतो, हे मी कधी विचारलं नाही. घर शांत असे, मला तेवढं पुरे होतं.

त्याच सुमाराला माझ्या थोरलीला विट्याकडचं स्थळ आलं. मुलगा तिकडं मद्रासच्या बाजूला सोनं गाळायच्या दुकानात होता. मुलाच्या बापानं मोटारसायकल, घड्याळ आणि बँड मागितला. आठवड्यानं मध्यस्थ सांगत आला, मोटारसायकल नको. पुढच्या आठवड्याला घड्याळ नको. मग बँडही नको. चौथ्या आठवड्याला निरोप आला, मुलगी आणि नारळ द्या. मालक खूश झाले, मी नाही. मागणारा माणूस आपणहून मागणं सोडतो तेव्हा मुलात खोट असते. एक तर फिट येत असेल, नाहीतर तिकडं दुसरी बाई असेल. पोरगी एवढ्या लांब जाणार, तिथं तिची भाषा कळणारंही कुणी नाही. मी नको म्हणून सांगितलं.

भावजींनी त्या मुलाचं कार्ड केलं. भाव उतरल्याच्या भोकाला चीर देऊन माझ्यापुढं धरलं. "वैनी, चार आटवडं भाव उतारतोय. आतल्या मानसाला ठाव हाय, पोरगं चांगलं हाय."

"भावजी, माझी पोरगी हाय ती, घोडी न्हवं."

"म्हनूनच सांगतोय. घोडी असती तर म्या गप बसलो असतो."

मी तरी ऐकेना. तेव्हा ते उठले, पत्रिकांचा सगळा पेटारा आणून चुलीशी ठेवला. "पोरीला तिकडं कायबी कमी पडलं, तर तुमच्या हातानं ह्यो चुलीत घाला." आयुष्यात त्यांनी काही लावलं असेल तर ते एवढंच. मी हो म्हटलं.

पेटारा जाळायची वेळ आली नाही. मुलगा सरळ निघाला. थोरली तिकडची भाषा शिकली, दुकानाच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. भावजींनी त्याचं सगळं श्रेय कार्डांना दिलं आणि गावभर मिरवलं.

पाच-सहा वर्षांनी भावजी गेले. तेराव्याला व्याही आले होते. जेवणं झाल्यावर सोप्यात टेकून बसले आणि आपणहूनच बोलायला लागले.

"आवं विहीणबाई, तुमचं दीर लय चिवट मानूस. सोयरीक चालली हुती तवा दर शनवारी माज्या वसरीवर येऊन बसायचं. पयल्या खेपंला घोडं सांगाय लागलं. जेवान झालं, म्हसरं परत आली, तरी उटंनात. शेवटी म्हनलं, मोटारसायकल नगं, पर आता उटा. दुसऱ्या खेपंला तसंच घड्याळ सोडलं, तिसऱ्या खेपंला ब्यांड."

मी म्हटलं, "आनि चवथ्या खेपंला?"

"चवथ्या खेपंला त्यास्नी घोड्यांचं काय सुचंना. मग दिसभर तुमच्या पोरीचंच बोलत बसलं. तिला इच्चू चावला तवा ती कशी रडली न्हाई. ताप आलेल्या धाकट्या भावाला खांद्यावर घिऊन डागदराकडं कशी गेली. भाकरी थापताना कसं गुनगुनती. त्ये ऐकल्यावर काय मागायचं वो? म्हनलं, नारळ द्या."

मी त्या पोरीची आई. अठरा वर्षं एका चुलीपुढं बसलो आम्ही दोघी. ती भाकरी थापताना गुणगुणते, हे मला त्या दिवशी कळलं.