इकडे, तिकडे आणि कामठी

बातम्या आवाज बंद ठेवून बघायचे. भिंतीवरचं घड्याळ रोज सकाळी मोबाईलशी ताडून घ्यायचे. बाहेर निघताना रिकाम्या घराला "येतो" म्हणायचे. कोणी "ताप आहे" म्हटलं की उठून आत जायचे. आणि जागे असेपर्यंत दर तासाला एका जाड रजिस्टरमध्ये दोन ओळी लिहायचे.

दादाजी बोकडे. दादाजी हे त्यांचं नावच, पाळण्यातलं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होते. नागपुरात, धरमपेठेत त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. त्यांची बायको, प्रेमिलाकाकू, गेल्यापासून ते एकटे होते. मी मराठीत एम.ए. करून रिकामी होते. चार वाजता खालून हाक यायची, "अश्लेषा, चहा थंडा होऊन राहिला वं!"

चहासोबत विश्वं असायची. आपल्यासारखी आणखी विश्वं असतील, एखाद्यात आपणच वेगळे वागलो असू, असं ते वाचून सांगायचे.

"सिद्ध झालंय का काका?"

"नाई. कोणीच पाहिलं नाई."

"मग एवढं काहून वाचता?"

"तू कादंबऱ्या काहून वाचतं? त्या पाह्यल्या काय कोणी?"

गेल्या डिसेंबरात त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. डाव्या पानावर शीर्षक 'इकडे', उजव्यावर 'तिकडे'. इकडे: नळ आला. मोटर बिघडली. तिकडे: भैयाजी रिटायर झाला. भैयाजी त्याच्या पोरीच्या, मयुराच्या लग्नात नाचला. प्रेमिला माझ्याविना एकटी.

"भैयाजी कोण?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग सांगितलं.

शहाण्णवचा जानेवारी. भैयाजी त्यांचे कंट्रोल रूममधले सोबती, तेव्हा दोघंही कामठीला राहायचे. नागपुरात एका प्राध्यापकांचं अनेक विश्वांवर व्याख्यान होतं, सकाळी अकराला. दादाजींची त्या दिवशी सकाळची पाळी. व्याख्यानासाठी सुट्टी मागितली तर सगळे हसतील. म्हणून आदल्या संध्याकाळी ते अंगावर घोंगडी घेऊन भैयाजींकडे गेले. ताप आहे, उद्याची माझी पाळी घे गा. भैयाजींची दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ते म्हणाले, "झोप तू निवांत."

सकाळी धुकं होतं. रस्त्यात उभा ट्रक स्कूटरवरच्या भैयाजींना दिसला नाही.

अकराला प्राध्यापकांनी फळ्यावर एक रेघ काढली. तिला दोन फाटे फोडले. दादाजींनी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडून तर्री-पोहे खाल्ले. तीन वाजता घरी पोचले तेव्हा कळलं.

"मंग मी खरंच तापल्यासारखा राह्यलो. तेरा दिवस. तेराव्याले प्रयागबाईनं, त्याच्या बायकोनं, मलेच विचारलं, ताप उतरला का भावजी?"

दर संक्रांतीला ते तिळगूळ घेऊन कामठीला जायचे. दर वर्षी न सांगता परत यायचे.

साहित्य शिकलेली मी, पण एवढंच म्हटलं, "तिकडे भैयाजीकाका जिवंत असतील."

"असन तं असन. पण प्रयागबाई तं इकडंच हाये नं."

कपावर साय धरली होती.

"तुले भाषा येते," ते म्हणाले. "चिठ्ठी लिहून दे. यंदा तिच्या हातात देतो."

मी दोन दिवसांनी लिहून नेली. त्यांनी वाचली. हसले.

"लई सुंदर हाये वं. यात मी लई चांगला माणूस दिसतो."

फाडली नाही. घडी करून मला परत दिली. म्हणाले, कंट्रोल रूममध्ये पाळी सुटताना जे झालं ते स्वतःच्या हाताने रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. पुढचा माणूस ते वाचतो, 'चार्ज घेतला' म्हणून सही करतो. त्याची सही होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, दिवाळी असो की घरी कोणी आजारी असो. "मी सही न घेताच निंगालो होतो. आता रजिस्टरच नेतो तिच्यापाशी."

संक्रांतीला दोन दिवस होते. त्या दिवशी चारला हाक आली नाही. मी खाली गेले. ते खुर्चीत होते, मान एका बाजूला. टीव्ही चालू, आवाज बंद.

निरोप मिळाल्यावर प्रयागबाई शेअर ऑटोने कामठीहून आल्या. बारीक, वाकलेल्या. त्यांनी दादाजींच्या कपाळावर हात ठेवला आणि मला विचारलं, "ताप होता का वं याले?"

"नाही," मी म्हटलं. तोंडात पुढचं वाक्य होतं. बाहेर आलं नाही. त्या बायकांमध्ये जाऊन बसल्या.

रजिस्टर आता माझ्या खोलीत आहे. शेवटचं पान डावं, इकडेचं. उजवं कोरं. त्यांचं अक्षर ठसठशीत, तिरपं.

'जानेवारी १९९६. पाळी सकाळची. नेमणूक: दादाजी बोकडे. प्रत्यक्ष गेले: भैयाजी. बदलीचं कारण:'

त्यापुढे पेन टेकल्याचा एक ठिपका आहे. खाली दोन सह्यांसाठी पट्टीने आखलेल्या दोन रेघा.