खिळ्यांच्या नावावर खपलेलं रक्त

सोफे-खुर्च्या मढवणाऱ्या त्या माणसाला सगळे मौनीबाबा म्हणत. तसा बोलका होता हो बिचारा, पण बोलणार कसा? दिवसभर तोंडात मूठभर बारीक खिळे! जिभेनं एकेक पुढे आणायचा, पुढच्या दातांत उभा धरायचा, लोहचुंबकाच्या हातोडीनं उचलायचा आणि ठाक! दुसरा हात कापड ताणायला मोकळा. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

संध्याकाळी चूळ भरली की पाणी लाल यायचं. "खिळा लागला असेल," दादा म्हणायचा. दादा म्हणजे थोरला भाऊ. दुकान दोघांचं, पण हातोडी धरायला शिकवलं ते दादानं. "आपल्या धंद्यात हिरड्यांतून रक्त यायचंच. माझ्याही येतं. जिथं येतं तिथं ब्रश लावू नकोस, आपोआप भरून येईल." दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! मौनीबाबानं खालचे पुढचे दात घासायचंच सोडून दिलं. आणि दुसऱ्या कुणाला विचारणार? घरात बायको ओरडायची, तोंडाला वास येतो म्हणून. तिचं कोण ऐकतंय!

मग एके दिवशी दादा म्हणाला, "माझा हात थरथरतो आता. मी काउंटरवर बसतो, गिऱ्हाईक बघतो. ठोकाठोकी सगळी तूच कर. तुझी सफाई मला कुठली यायला?" मौनीबाबा हुरळून गेला अगदी. दादानं आपल्याला मानलं, हे त्यानं बायकोला जेवताना दोनदा सांगितलं.

पुढे काही वर्षांनी खिळा धरताना खालचा दातच हलला. पुढचे दात गेले तर खिळा धरायचा कशानं? आणि खिळा धरता येत नसेल तर आपण कोण? दादाच्या जिवाला घोर नको, म्हणून त्याला न सांगताच तो दातांच्या दवाखान्यात गेला.

"अय्या, सोफावाल्या दादांचे धाकटे भाऊ ना तुम्ही?" काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली. "चेहराच सांगतोय. आलात एकदाचे! दादा नेमानं दात साफ करून घेतात, आणि मॅडम दर वेळी म्हणतात, भावाला घेऊन या."

हिचा काहीतरी घोटाळा झालाय, असं त्याला वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घातला आणि उसासा सोडला. "हे रक्त खिळ्यांचं नाही. दातांवर थर साचतो, घासला नाही की कडक होऊन त्याचं कीटण होतं आणि ते हिरडीखाली शिरतं. हिरडी सुजते, म्हणून रक्त. तुम्ही नेमकं तिथंच घासायचं बंद केलंत! खालचे दोन काढावे लागतील. बाकीचे वाचवू, पण तोंडात खिळे धरणं कायमचं बंद."

"दादालाही खिळे बंद करायला सांगितलं होतंत?"

"केव्हाच! ऐकलं त्यांनी, म्हणून तर दात टिकले."

मौनीबाबा खुर्चीत तसाच पडून राहिला. थरथरणारा हात म्हणे! रोज काठोकाठ चहा ओततो, बशीत थेंब सांडत नाही. इतकी वर्षं समोर होतं, आणि आपण आपले शाबासकी मिरवत बसलो.

तो दुकानात परतला, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला आणि सरळ विचारलं, "दादा, तुला माहीत होतं?"

दादानं मान खाली घातली. "सांगणार होतो रे. पण दोघांनीही खिळे सोडले असते तर काम उरकलं असतं कुणी? तुझा वेग आहे का कुणाला?"

"आणि ब्रश लावू नकोस म्हणालास ते?"

"तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं, आईशपथ."

"कळल्यावर?"

दादानं काउंटरवरचं पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि पानं चाळायला लागला.

मौनीबाबाच्या अंगाची लाही लाही झाली. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. सख्ख्या भावाला काय म्हणायचं? रडू फुटलं त्याला. दातांचं नव्हतंच ते. "उद्यापासून मी येत नाही, दादा," तो कसाबसा म्हणाला, आणि तरी दारात घुटमळला. वेडा! दादा उठेल, खांद्यावर हात ठेवेल, चुकलो म्हणेल, एवढीच आशा होती.

दादानं वर पाहिलं. त्याच्याकडे नाही, त्याच्यामागे अर्धवट मढवून ठेवलेल्या सामानाकडे.

"मग त्या सोफ्याचं काय?" तो म्हणाला.