दुसरा पट्टा

जागेची मोजणी सोमवारी होती. रविवारी दुपारी विश्रामने दिवाळीतला उरलेला चुना कालवला आणि आपल्या एकवीस कलमांवर दुसरा पट्टा ओढला. एरवी असल्या कामात त्याचा हात सरळ चालतो. त्या दिवशी पट्टे वाकडे आले.

खडवली स्टेशनपासून दोन किलोमीटरवरच्या या जागेत हापूसची बेचाळीस कलमं आहेत. जागा वर्तकनगरच्या मधुसाहेबांची. बावीस वर्षांपूर्वी इथे नुसता मुरूम होता. साहेब म्हणाले, जमीन माझी, कलमंही मी आणतो, जगवायची तू. जगतील त्यांतली अर्धी तुझी. कागद झाला नाही. विश्रामने एकच अट घातली. एक झाड साहेबांचं, पुढचं आपलं, असं आलटूनपालटून लावायचं. स्वतःच्या झाडाला जास्त पाणी घातलं, असं उद्या कोणी म्हणायला नको. पहिले तीन उन्हाळे, विहीर खणेपर्यंत, त्याने आणि बायको नंदाने नदीवरून कावडीने पाणी आणलं. वाळवी लागू नये म्हणून दर दिवाळीनंतर बुंध्यांना गेरू आणि चुना. साहेबांच्या झाडाला चुन्याचे दोन पट्टे, विश्रामच्या झाडाला एक. खूण एवढीच.

आता साहेब अंथरुणाला खिळले होते आणि जागा विकायची ठरली होती. शनिवारी शेजारच्या फार्महाऊसचा राखणदार गोविंदा कुंपणाशी आला.

"मोजणीला साहेबांची मुलगी येतेय. तिच्यापुढे माझं-माझं करू नको रे. पलीकडच्या बंगल्यावरचा गडी बोलला, तर दुसऱ्या दिवशी त्याची भांडी रस्त्यावर."

"साहेबांनी शब्द दिलाय."

"शब्द साहेबांचा, सही पोरांची. गडी म्हणून गप राहा. खोली तरी राहील."

त्या रात्री विश्रामला झोप आली नाही. विटांची ती एक खोली सोडली, तर त्याला दुसरं छप्पर नव्हतं. झाडं आपली असल्याची खूणच नको, म्हणजे कोणी विचारणार नाही, एवढंच त्याला सुचलं. शहाडला लेकीकडे गेलेली नंदा रविवारी संध्याकाळी परतली. तिने रांगांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पांढऱ्या बोटांकडे. मग ताट वाढून त्याच्यापुढे सरकवलं.

सोमवारी दहाला साहेबांची मुलगी मैथिली मोजणीवाल्याला घेऊन आली. तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला.

"विश्रामदादा, बाबांनी लिहून दिलंय. एक पट्ट्याची जितकी झाडं, त्या हिशोबात विहिरीकडची जमीन तुमच्या नावावर करायची, मग उरलेली विकायची. चला, दाखवा."

विश्राम जागचा हलला नाही. मैथिली एक रांग फिरली, दुसरी फिरली.

"इथे तर सगळ्यांना दोन आहेत."

"मग सगळी तुमचीच, मॅडम. काम सोपं झालं," मोजणीवाला म्हणाला.

खरं बोललं तर आपणच खूण बदलली हे कबूल होणार. साहेबांची झाडं लाटतोय म्हणतील. न बोलावं तर सगळंच गेलं.

"बोला की," दारातून नंदा म्हणाली. "का मीच बोलू? रंगवताना नव्हतं मला विचारलं."

त्याने कोयता उचलला. साहेबांच्या झाडाचा वरचा पट्टा खरवडला. चुन्याखाली चुना, त्याखाली पुन्हा चुना, कांद्यासारखे पापुद्रे निघाले. मग तो पुढच्या, आपल्या झाडापाशी गेला. पहिल्याच ओरखड्याला खाली नुसता गेरू लागला, जुना चुना नाही.

मैथिलीने गेरूवरून बोट फिरवलं. "का केलंत हे?"

"भ्यालो, ताई."

तिने कागदाची घडी घातली. "खरवडा," ती म्हणाली. "सगळी." मग ती मोजणीवाल्याकडे वळली. "तुम्ही आकडा लिहा."

विश्राम झाडामागून झाड खरवडत गेला. मोजणीवाला मोठ्याने आकडे सांगत होता आणि दर आकड्याला विश्राम मागे वळून मैथिलीचा चेहरा बघत होता. एक पट्ट्याची एकवीस झाडं भरली.

"कागदावर माझ्या भावाची, मुकुलचीही सही लागेल," निघताना मैथिली म्हणाली. "रविवारी येईल तो. तो माझ्यासारखा ऐकून घेणारा नाही. तोवर झाडांना हात लावू नका."

गाडी वळणाआड गेली. विश्राम बांधावर बसून रविवारपर्यंतचे दिवस मोजू लागला. त्याची नजर पुन्हा पुन्हा घमेल्याकडे जात होती. त्यात थोडा चुना अजून ओला होता. नंदाने घमेलं उचललं, खोलीत नेलं आणि आपल्या खाटेखाली सरकवून दाराला बाहेरून कडी लावली.