काळा पडलेला कांदा

काल दौंडच्या घरी कांदा चिरायला घेतला, तर सालीखाली काळी बुरशी. मी तो लगेच बाहेर टाकला, कारण मुलीला बुरशीची अ‍ॅलर्जी आहे. पण तो कुबट वास नाकात राहिला आणि मला निमोण्यातली आमची कांदाचाळ आठवली.

मोठ्या भावाचं लग्न नुकतंच झालं होतं. भर पावसाळ्यात आम्ही सगळे चाळीतले सडके कांदे निवडत होतो. हात लागला की काळी भुकटी उडायची. नव्या वहिनींना शिंकांवर शिंका येत होत्या. त्या हळूच मला म्हणाल्या, "भावजी, मी जरा बाहेर बसू का? श्वासच घेता येत न्हाई."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "कांदा हाय वहिनी, नाक वाहणारच की!"

चाळभर हशा पिकला. वहिनीही हसल्या, नाकाला पदर बांधून पुन्हा निवडायला लागल्या. पुढं दर पावसाळ्यात तेच.

आज गावाहून कांद्याची गोणी आली. पाठोपाठ वहिनींचा फोन, आवाज नेहमीसारखा चोंदलेला.

"पोरीला तरास नको म्हणून एकेक कांदा मी सोता निवडलाय, भावजी. काळा एकबी न्हाई."