पाण्यात वर कुठं असतं

"तुमच्या डाव्या कानानं तोल सांभाळायचं सोडलंय," कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऐकू तर चांगलं येत होतं, म्हणून मी वाद घातला. रिटायर झालेला पी.टी.चा मास्तर मी, गप्प बसतोय व्हय!

आजाराचं नाव व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. कानाच्या आतली तोलाची नस सुजते आणि डोकं कुठं वळलं हे मेंदूला नीट कळेनासं होतं.

त्याआधी आठवडाभर मुरगूडला घरात छत फिरत होतं. ओकून ओकून जीव गेलता. पैलवान चुलतभावानं मान अवघडलीय म्हणून तेल चोळलं. बायकोनं, सुमननं, खोलीत अंधार करून "हलायचं न्हाय" असा दम भरला. त्या अंधारात पलंग नावेसारखा डुलायचा आणि खरं सांगू, मला ते थोडं आवडायचंही. मग कोल्हापूरला तपासणीत डोळे मिटून फोमच्या गादीवर उभं केलं, तर मी सरळ नर्सच्या अंगावर. लाज वाटली.

"पडून राहू नका, चाला. मेंदू शिकतो," बाई म्हणाल्या. "फक्त पोहायला इतक्यात जाऊ नका."

हे शेवटचं मी मनावर घेतलं नाही. निम्म्या गावाला मी आमच्या मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलंय. जमिनीनं दगा दिला तरी पाणी देणार नाही, असं वाटायचं. एका सकाळी सुमनला न सांगता गेलो आणि सूर मारला.

आत गरगर थांबली. सगळीकडं एकसारखं हिरवं, गप्प, हलकं. अंगाला वजनच नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मग दम संपत आला, वर निघालो आणि हाताला चिखल लागला. वर समजून मी तळाकडं चाललो होतो.

मेलोच म्हटलं. मग पोरांना शिकवायचो ते आठवलं, बुडबुडे जातील तिकडं जायचं. थोडी हवा सोडली. बुडबुडे छातीवरून पायाकडं गेले. सगळं अंग सांगत होतं, खोटं हाय. तरी उलटा वळलो आणि बाहेर आलो.

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं, तर त्यांनी आधी झापलं, मग समजावलं. तोल डोळ्यांनी, पायाखालच्या जमिनीनं आणि कानानं मिळून सांभाळला जातो. गढूळ पाण्यात डोळे आणि जमीन दोन्ही जातात. उरतो कान, तोच माझा लंगडा. सूर मारणं आता कायमचं बंद, म्हणाल्या. गाडीत बसून रडलो.

तुम्हाला असं झालं तर अंधारात पडून राहू नका. डॉक्टर सांगतील तसा, समोर धरलेल्या हाताच्या अंगठ्यावर नजर ठेवून मान हलवायचा व्यायाम करा, कुणाच्या तरी आधारानं चाला. चक्कर येते, पण हळूहळू ओसरते.

परवा बाईंनी डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहायची परवानगी दिली, सोबत माणूस असेल तर. सुमनला पाण्याची भीती. लग्न झाल्यापासून ती कधी विहिरीवर आली नव्हती. आता पदर खोचून पायरीवर बसली आणि माझ्यावरची नजर हलवली नाही. मी कडेकडेनं एक फेरी मारली.

"जमतंय की," ती म्हणाली.

बाहेर आलो, तर जमीन अजून जरा डुलत होती. मी तिचा हात धरला. आमच्याकडं नवरा-बायको रस्त्यानं असा हात धरून चालत नाहीत. वाटेवर माणसं होती, म्हणून सुमन हात सोडवायला बघत होती. बघू देत म्हटलं लोकांना, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.