गिऱ्हाइकाचा पाय

गल्लीत त्यांना सगळे मापवाले म्हणत. समोरून माणूस आला की त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी ते त्याच्या पायांकडे बघत, आणि तो जवळ येईपर्यंत मनातल्या मनात माप घेऊन मोकळे होत. होणारी सून पहिल्यांदा घरी आली, आणि ती गेल्यावर बायकोनं विचारलं, "कशी वाटली?" तर हे म्हणाले, "टाच उत्तम आहे." सूनबाईंना ते पुढे कुणीतरी सांगितलं. त्या अजून ते विसरलेल्या नाहीत.

जोडे शिवण्याचं त्यांचं दुकान राजवाड्याच्या मागच्या दारासमोर होतं. वडील राजघराण्याचे जोडे करत, म्हणून दुकान तिथे. आता राजा नव्हता, राज्य नव्हतं, होतं ते राजवाडा बघायचं तिकीट. पण गल्लीनं राजेसाहेबांना काही स्वस्थ पडू दिलं नव्हतं. शेजारच्या भट्टीवाल्यानं 'राजेसाहेबांची आवडती बिस्किटं' अशी पाटी लावली. ती खपली तेव्हा त्यानं आवडता केक काढला, मग आवडतं लोणचं. समोरच्या पितळवाल्याकडे राजेसाहेबांचा आवडता पेला मिळे. मेल्यावर माणसाची भूक इतकी वाढते हे मापवाल्यांना म्हातारपणीच कळलं.

पाहुण्यांना शहर दाखवणारी एक बाई होती. तिला सगळे सहलवाली म्हणत. ती आधी राजवाडा दाखवी, मग बिस्किटं खायला घाली आणि शेवटी कारागिरांच्या दुकानांवरून फिरवी. मापवाल्यांच्या दारात थांबली की दर वेळी तोच प्रश्न.

"आजोबा, राणीसाहेबांच्या जोड्यांची एखादी आठवण सांगा ना!"

"जोडे होते. त्या घालत," मापवाले सांगत आणि मान खाली घालून आरी चालवू लागत.

पाहुणे हिरमुसून भट्टीवाल्याकडे परतत. भट्टीवाला संध्याकाळी येऊन कपाळावर हात मारी. "अरे, माझ्याकडे एक गोष्ट नाही तर मी दहा करतो. तुझ्याकडे खरी असणार आणि तू मूग गिळून बसतोस!"

त्याचा अंदाज बरोबर होता. मापवाल्यांकडे खरी गोष्ट होती. पण त्यांच्या धंद्यात एक रीत होती, आणि वडिलांनी ती लहानपणीच कान धरून शिकवली होती. डॉक्टरनं रोग्याचं बाहेर बोलू नये, तसं आपण गिऱ्हाइकाच्या पायाचं बोलू नये. कुणाचं बोट वाकडं असतं, कुणाची टाच फुटलेली असते. माणूस जगापासून लपवतो ते आपल्यापुढे उघडं करून ठेवतो, ते विश्वासानं. गोष्ट अशी होती की राणीसाहेबांचा डावा पाय दोन बोटांच्या रुंदीइतका आखूड होता. त्यांचे जोडे करायचे असले की वडील दुकानाचं दार लावून घेत, आणि जोड्याच्या आत घालायचा बुचाचा उंचवटा कापायला छोट्या मापवाल्यांना बसवत. हे जाणणारं त्यांच्याशिवाय आता कुणी उरलं नव्हतं.

आणि शहराला तर राणीसाहेबांच्या चालीचं कोण कौतुक! चौकात त्यांचा पुतळा होता, ताठ मानेचा, एक पाऊल पुढे टाकलेला. पोरगी जरा पाय ओढत चालली की कुठलीही आई म्हणणार, "राणीसारखं चाल जरा."

मापवाल्यांची नात अकरा वर्षांची. घरात तिला ठकी म्हणत. तिचाही डावा पाय जन्मापासून आखूड होता, आणि तोही जवळजवळ तेवढाच. नशिबाला दुसरं माप सापडलं नव्हतं की काय कोण जाणे. दवाखान्यातून तिला एक बूट मिळाला होता. त्याच्या तळाला वीट चिकटवल्यासारखा जाड थर होता, आणि त्यावरून चालताना एक पाऊल वाजे, एक वाजत नसे. शाळेत पोरांनी तिचं नाव टिकटिक ठेवलं. तेव्हापासून ठकी शाळेशिवाय कुठे जाईनाशी झाली. दुकानापाठी दोन खोल्यांचं घर, त्यातली खिडकी आणि खिडकीतली ठकी. मापवाले रोज ते बघत आणि आतल्या आत तुटत.

अशात राजवाड्यात नवं दालन उघडलं. राणीसाहेबांचे जोडे काचेत मांडले होते. सहलवालीनं ठकीच्या शाळेतल्या मुलांना बोलावलं, आणि जोडे कसे करतात ते सांगायला मापवाल्यांना. सूनबाईंना, ठकीच्या आईला, केवढा आनंद झाला. ठकीनं मात्र तीन दिवस आधी सकाळी ताटावरच सांगून टाकलं.

"मी येणार नाही."

"अगं, आजोबा बोलणार आहेत सगळ्यांपुढे!"

"बोलू देत."

सूनबाईंची कामावर जायची घाई. "ऊठ आधी, पाणी आण. आणि पाय ओढू नकोस गं, राणीसारखं चाल," त्या सवयीनं बोलून गेल्या, आणि बोलून झाल्यावर त्यांनीच जीभ चावली.

ठकीनं बूट काढला आणि भिंतीवर फेकला. "राणीचा पाय माझ्यासारखा असता ना, तर कुणी तिचा पुतळा नसता केला!"

मापवाल्यांच्या तोंडात घास होता आणि जिभेवर उत्तर. एक वाक्य, बस्स. तेवढं बोललं की पोरीचे डोळे पुसले जाणार होते. त्यांनी घास गिळला, आणि उत्तरही गिळलं.

दुकानात येऊन बसले, पण हात चालेना. राणीसाहेब जाऊन जमाना झाला. आता त्यांचं काय बिघडणार होतं? घरची पोर रडते आणि आपण मेलेल्या बाईची लाज राखत बसलो आहोत. त्यांना वडिलांचा राग आला, रीतीचा आला, स्वतःचा तर तळपायापासून मस्तकापर्यंत आला. पण गिऱ्हाईक मेलं म्हणून त्याचा पाय काही आपल्या मालकीचा होत नाही, हेही त्यांना पटत होतं. ज्या बाईनं जन्मभर कुणाला कळू दिलं नाही, तिचं गुपित तिला न विचारता आपण नातीला खाऊ म्हणून द्यायचं?

दुपारी त्यांनी ठकीला हाक मारली. "इकडे ये. पाय दे."

"विटेचा बूट मला नको."

"वीट गवंड्याकडे मिळते. मी जोडेवाला आहे."

त्यांनी बूच काढलं. उंचवटा तळाला न लावता बुटाच्या आत, टाचेखाली बसवायचा, म्हणजे बाहेरून दोन्ही तळ सारखेच दिसतात. हे काम त्यांनी आयुष्यात एकाच गिऱ्हाइकासाठी केलं होतं, आणि गुपितासकट तेही मिटून ठेवलं होतं. हात विसरले नव्हते. ठकी आधी पाठ फिरवून बसली, मग बाजूला वळली, आणि शेवटी गुडघ्यावर हनुवटी टेकून बघत राहिली.

"ह्याची मागची भिंत त्याच्यापेक्षा उंच का?"

"आत टाच वर बसणार. मग भिंतही वर न्यायला हवी. नाहीतर बूट जाईल पुढे आणि तू राहशील मागे."

ठकी हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि मापवाल्यांना उगीच चष्मा पुसावा लागला.

तिसऱ्या दिवशी बूट झाले. चाल एकदम सरळ झाली, असं खोटं कशाला सांगा. जरासा झोल राहिलाच. पण वीट गेली, आवाज गेला. दुकानातून भट्टीपर्यंत ती चारदा गेली आणि आली. भट्टीवाल्यानं चारही वेळा तिला राजेसाहेबांचं बिस्किट दिलं. पाचव्या वेळी मात्र त्यानं दार ओढून घेतलं.

"उद्या येते मी," ठकी म्हणाली. "पण तुमच्या जवळच उभी राहीन."

राजवाड्याच्या नव्या दालनात मापवाल्यांनी पाऊल टाकलं आणि त्यांना घाम फुटला. जोडे नेहमी समोरून मांडतात. इथे कुणा हौशी माणसानं ते आडवे, बाजूनं दिसतील असे मांडले होते, रेशमी वेलबुट्टी दिसावी म्हणून. आपल्याच हातचं बूच काचेपलीकडून आपल्याकडे बघतं आहे असं त्यांना वाटलं.

त्यांनी कातडं कसं कमावतात ते सांगितलं, टाका कसा घालतात ते सांगितलं. सहलवालीनं विचारलंच, "आणि राणीसाहेबांचे पाय कसे होते हो?"

"पाच-पाच बोटांचे."

मुलं हसली. त्यातला एक मुलगा काचेला नाक लावून उभा होता. टिकटिक हे नाव त्याच्याच डोक्यातून निघालेलं. तो ओरडला, "बाई, ह्यातल्या एकाची मागची बाजू उंच आहे! असं का?"

सहलवालीनं वाकून बघितलं. "जुनं कातडं आहे ना, आक्रसलं असेल."

मापवाले छताची नक्षी बघू लागले. ठकी पुढे झाली. तिनं काचेतल्या जोड्यांकडे बघितलं, मग खाली स्वतःच्या बुटांकडे, पुन्हा काचेकडे. मग ती सावकाश आजोबांकडे वळली. छताला इतकं बघण्यासारखं काही नव्हतं, आणि हे तिला कळलं.

"ए, तुझे आजोबा जोडेवाले ना?" मुलानं तिला विचारलं. "खरंच आक्रसतं का गं?"

सगळी मुलं तिच्याकडे बघत होती. नाव ठेवणारी, हसणारी, मागून चालून नक्कल करणारी. एक वाक्य बोलली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती, आणि ते वाक्य आता तिच्या जिभेवर होतं. मापवाल्यांनी डोळे मिटले. बोल, असंही त्यांना वाटलं, आणि नको बोलूस, असंही.

"आक्रसतं तर!" ठकी म्हणाली. "जुनं झालं की सगळंच आक्रसतं. आमचे आजोबा बघ ना."

दालनभर हसू उसळलं. सहलवाली हसली, तो मुलगाही हसला. मापवाल्यांनी तेवढ्यात पुन्हा चष्मा पुसून घेतला.

परतताना दोघं चौकातून निघाले. ठकी पुतळ्यापाशी थांबली. पुढे टाकलेल्या त्या पावलाकडे तिनं बराच वेळ बघितलं.

"आजोबा, दुखायचा का हो?"

"कुणाचा?"

तिनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला.

"गिऱ्हाइकाचा."

मापवाल्यांनी तिचा हात धरला. "सुरुवातीला," ते म्हणाले. "मग सवय झाली."

ठकीनं मान हलवली. मग हात सोडवून घेतला आणि पुढे चालू लागली.