बावीस फुटी कमानीखाली वाकणारी माणसं

भूतबंगल्यातली भुतं मी स्वतः बनवतो, त्यामुळे भुतांचं मला कधी काही वाटलं नाही. लातूरला माझा फायबरच्या कामाचा छोटा कारखाना आहे. मंगल कार्यालयापुढचे हत्ती, गणपतीचे देखावे, जत्रेतल्या हॉरर हाउसचे सांगाडे, केस मोकळे सोडलेल्या बाया... सगळं आम्ही साच्यातून काढतो. आतून सगळं पोकळ असतं. मी त्या पोकळीत हात घालून बघितलेला माणूस आहे. म्हणून या सदरातले अनुभव वाचताना मला हसू यायचं. आज लिहितोय ते कुणाला पटवायला नाही, कारण मला स्वतःलाच अजून पटलेलं नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या, शेकडो माणसांसमोर झालं, एवढंच सांगतो.

अर्धापूरहून नांदेडकडे येताना रस्त्याला लागून एक मनोरंजन पार्क आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, छोटी रेल्वे, मान हलवणारे डायनासोर, असं सगळं. नाव सांगत नाही. मालक भले गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. मूळचे उदगीरचे. कपाळाला भस्म, बोलणं मोजकं. पार्कचं जुनं प्रवेशद्वार म्हणजे एक लोखंडी फाटक होतं. ते बदलायचं काम अप्पांनी मला दिलं.

"विश्वनाथ, माणूस गाडीतून उतरला की त्याची मान वर गेली पाहिजे," एवढीच त्यांची सूचना.

मी तसंच केलं. बावीस फूट उंचीची कमान, दोन्ही अंगाला केळीच्या झाडांसारखे खांब, माथ्यावर पिसारा फुलवलेला मोर. खालून दोन ट्रक शेजारी-शेजारी जातील एवढी रुंदी. उद्घाटनाला अप्पांनी नारळ फोडला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी खुशीत लातूरला परतलो.

आठच दिवसांनी रेखाताईंचा फोन आला. रेखाताई तिथल्या चौकशी खिडकीवर बसतात, लोकांच्या अभिप्रायाची वही त्यांच्याकडे असते.

"दादा, तुमचं गेट लोकांना ठेंगणं होऊन राहिलं."

"काय होऊन राहिलं?"

"ठेंगणं हो. उंची कमी हाय म्हणतेत. वाकून यावं लागतंय म्हणतेत."

मला वाटलं, थट्टा चाललीय. त्यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. अक्षरं वेगवेगळी, गावं वेगवेगळी. 'मोर सुंदर, पण दार फार खाली आहे.' 'वयस्कर लोकांना वाकायला त्रास होतो, उंची वाढवावी.' 'सगळं चांगलं आहे, गेट सोडून.' आणि मधेच मुदखेडच्या कुणीतरी लिहिलेलं— 'गेटवरच्या बाईंनी डोक्याला चौकट लागू दिली नाही. त्यांचे आभार.'

मी रेखाताईंना विचारलं, "गेटवर बाई कोण ठेवलीय?"

"कोणीच न्हाई. दोन वॉचमन हायेत, दोघं बाप्ये."

पुढच्या रविवारी मी स्वतः गेलो. कमानीपासून दहा पावलांवर सावलीत उभा राहिलो आणि बघत बसलो. माणसं गाडीतून उतरायची, मान वर करून मोर बघायची, पोरांना दाखवायची... आणि कमानीखाली बरोबर मधोमध आली की वाकायची. सगळी. ठरवून नाही, जुन्या माळवदाच्या घराच्या ठेंगण्या दारातून शिरताना आपण बोलता-बोलता वाकतो ना, तसं. दोन पावलं वाकून चालायची आणि पुन्हा सरळ. बोलणं चालूच. कडेवरच्या लेकरांची डोकी आया आपल्या हातानं दाबून खाली घ्यायच्या.

एका उंच तरुणाला मी थांबवलं. "भाऊ, वाकलात कशाला?"

"मग काय डोकं फोडून घेऊ?" असं म्हणून त्यानं मागे वळून बघितलं. बघतच राहिला. "अरेच्चा... हे तर लई उंच हाय."

तो पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आत आला. पुन्हा वाकला. मग बायकोचा हात धरून भराभर आत निघून गेला.

मी कारागीर आहे, मी कारण शोधलं. वाटलं, आतल्या बाजूचा गडद रंग डोळ्यांना फसवत असेल. सगळं पांढरं करून घेतलं. काही फरक नाही. अप्पा म्हणाले, "इकडं केळीची रानं. पानाखालून वाकून जायची सवय असते लोकांना. तुझे खांब केळीचे आहेत." हे मला पटलं. खांबांवरची पानं कापली, नुसते गोल खांब ठेवले. तरी माणसं वाकतच राहिली. शेजारच्या रानाचे माणिकराव सत्तरी उलटलेले, त्यांना विचारलं, इथं पूर्वी घर होतं का, देऊळ, मठ, काही?

"काय बी न्हवतं," ते म्हणाले. "माझ्या आज्यापासून ही काळी रानच हाय. ज्वारी, मग कापूस, मग केळी. इथं दार कुठलं आलं? दाराला आधी भिंत लागती."

आणि मी? मी त्या कमानीखालून किती वेळा गेलो याचा हिशोब नाही. मला कधीच काही जाणवलं नाही. मी सरळच्या सरळ चालत जायचो.

मग ती घटना घडली. एक बाप चार वर्षांच्या मुलीला खांद्यावर बसवून आत येत होता. कमानीखाली आला आणि एकदम गुडघ्यात बसला... वर मुलगी आहे, तिचं डोकं आपटेल म्हणून. त्या हिसक्यानं मुलगी मागच्या मागे गेली. खाली फरशी. मी त्या दिवशी लातूरला होतो, पण कॅमेऱ्यातलं चित्रण नंतर अप्पांच्या खोलीत बसून पाहिलं. मुलीचं डोकं खाली, पाय वर. फरशीपासून वीतभरावर ती थांबते. अगदी थोडा वेळ. मग कुणी अलगद ठेवावी तशी बसती होते. रडतसुद्धा नाही, वर कुणाकडे तरी बघते. कॅमेऱ्यात तिच्याजवळ कुणी नाही. बाप तर तिच्याकडे पाठ करून बसलेला.

तो बाप आधी रेखाताईंवर चिडला, असलं दार कशाला बांधलं म्हणून. मग म्हणाला, "ती बाई कुठंय? तिनं झेललं म्हणून वाचलं माझं लेकरू. पाया पडायचंय मला तिच्या."



अप्पांनी ते चित्रण तीनदा पाहिलं. "येत्या सोमवारी कमान उतरव," म्हणाले. "तुझं काम वाईट नाही, विश्वनाथ. पण पुढचं लेकरू वाचेल याची हमी मी कुणाकडं मागू?"

मी हो म्हणालो. पण फार लागलं ते. पंचवीस वर्षांत माझं एकही काम कुणी उतरवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, लातूरच्या एका अंध मुलींच्या निवासी शाळेची सहल आली. मी मापं घ्यायला, क्रेन कुठं लावायची ते बघायला गेलो होतो. मुली एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून रांगेनं येत होत्या. माझ्या मनात आलं, चला, आता खरं काय ते कळेल. डोळ्यांची फसवणूक असेल तर या वाकणार नाहीत.

पहिली मुलगी कमानीखाली आली आणि वाकली. मग दुसरी. मग तिसरी... पिकावरून वारा जावा तशी ती रांग वाकत गेली, सरळ होत गेली. मी शिपायासारखा ताठ उभा.

शेवटची मुलगी तेरा-चौदा वर्षांची असेल. ती मधोमध थांबली. वाकलेलीच. हात वर करून काहीतरी चाचपत होती. मी जवळ गेलो.

"बाळा, काय झालं?"

"कोण तुम्ही?"

"मी हे गेट केलंय."

"मग एवढं खाली कशाला केलं, काका?"

"किती खाली आहे? दाखव बरं."

तिनं तळवा वर टेकवला. माझ्या छातीच्या उंचीला. "हे बघा. दगड आहे. गार आहे." मी तिच्या हाताशेजारी हात नेला. हवा होती नुसती.

"आणि दगडाखाली ह्यांचा हात आहे," ती म्हणाली. "आपलं डोकं लागू नये म्हणून धरलाय."

"कुणाचा हात?"

"मला काय माहीत? तुम्ही बघून सांगा ना."

ती सहज सांगत होती. "बाईमाणूस आहे. बांगड्या नाहीत. हाताला चिरा पडल्यात, आमच्या स्वयंपाकाच्या मावशींच्या पडतात तशा. लई वेळ धरलाय वाटतं... थरथरून राहिलाय." मग तिनं त्या जागी, रिकाम्या हवेत, दोन-तीनदा हलकेच थोपटलं आणि शाळेच्या बाईंच्या आवाजाच्या दिशेनं निघून गेली.

मी घरी कुणाला सांगितलं नाही. शनिवार कसा गेला आठवत नाही. रविवारी, कमानीच्या शेवटच्या दिवशी, मी पुन्हा तिथं होतो. का गेलो, सांगता येणार नाही. दुपारच्या गर्दीत मी कमानीखाली मधोमध उभा राहिलो आणि त्या मुलीनं दाखवलेल्या उंचीवर माझा हात आडवा धरला, तळवा खाली करून. वॉचमन माझ्याकडे बघत होते. लोक येत होते, माझ्या हाताखालून वाकून जात होते. कुणी विचारलंही नाही, हा माणूस हात धरून का उभा आहे म्हणून. वीस मिनिटांत माझा दंड भरून आला. ती किती दिवस उभी होती, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

तेवढ्यात धोतर-टोपीतले एक आजोबा नातवंडांबरोबर आले. हाताखालून वाकून गेले, सरळ झाले, मला रामराम घातला. मग माझ्या डाव्या बाजूला, जिथं कुणीच नव्हतं तिथं बघून थांबले.

"माय, तू कवाधरून उभी हायस? बस की जराशी."

मग माझ्यावरच रागावले. "काय माणसं हायेत हो! बाईमाणसाला बसाया तरी द्या कायतरी."

मी धावत जाऊन रेखाताईंच्या खिडकीतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. आजोबांनी दाखवलं तिथं ठेवली. त्यांनी समाधानानं मान हलवली आणि नातवंडांमागे गेले. मी बाजूला झालो.

त्यानंतर संध्याकाळी तिकीटखिडकी बंद होईपर्यंत आत आलेलं एकही माणूस वाकलं नाही.

एकही नाही. मान वर करून मोर बघत, ताठ चालत लोक आत जात होते. अप्पांना जसं हवं होतं अगदी तसं. त्यांना तेव्हाच फोन करून सांगितलं असतं तर कमान राहिली असती. फोन हातात होता. मी केला नाही. कमान ठेवली तर माझ्या मोरासाठी त्या बाईलाही तिथंच अडकवून ठेवल्यासारखं होईल, असं वाटलं.

सोमवारी सकाळी क्रेन आली. खुर्ची तिथंच होती. क्रेनवाल्याचा माणूस ती उचलायला गेला तेव्हा मी ओरडलो, "थांब, हात लावू नको." मग जवळ गेलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या जागेशी बोललो. "कमान उतरवायचीय, आई. तुम्हाला लागेल काहीतरी. उठता का जरा?" कुणी हसलं नाही. मी अंदाजानं थोडा वेळ थांबलो... म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागतो तेवढा. मग खुर्ची उचलली आणि क्रेनवाल्याला हात केला.

आता तिथं साधा दरवाजा आहे. रेखाताईंच्या वहीत लोक पाण्याबद्दल, घसरगुंडीच्या रांगेबद्दल लिहितात. ती कोण होती, ज्या रानात कधी भिंत नव्हती तिथं तिला दार कुठून मिळालं, आणि आम्हा सगळ्यांची डोकी तिनं का जपली, यातलं मला काहीही सांगता येत नाही. मी उठायला सांगितलं तेव्हा ती कुठं गेली असेल, हे तर विचारायचंही मला त्या गडबडीत सुचलं नाही.